ओव्हर शेवटची, पगार पहिल्या तारखेचा

गेल्या रविवारी द्रोणागिरीत एका मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलची मॅच चालू होती. आठ-आठ ओव्हरची. समोरच्यांना शेवटच्या सहा बॉलमध्ये नऊ रन हवे होते आणि त्यांचा सगळ्यात मोठा फटकेबाज क्रीजवर होता. कॅप्टनने लाँगऑनला गपचूप उभ्या असलेल्या एका पोराकडे बॉल फेकला. पोराने बॉल पॅन्टला घासला (टेनिस बॉल घासून काही होत नाही, पण सवय) आणि सहापैकी पाच बॉल बॅट्समनच्या अंगठ्यावर टाकले. चार रन गेले. मॅच जिंकली. मॅन ऑफ द मॅच मिळालं ओपनरला. आपला बॉलर तोवर बॅग उचलून निघालाही होता, कारण त्याची दुसरी पाळी होती. तो इथल्याच एका कंटेनर यार्डात कंत्राटदाराकडे टॅलीचं काम करतो.

तुमच्या कॉलेजच्या टीममध्येही असा एक असणार. पूर्ण मॅचभर कुणाच्या लक्षात नसतो आणि गाडी रुळावरून घसरली की सगळे त्याच्याकडे बघतात.

बेसबॉलमध्ये या माणसाला स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र बसायची जागा आहे आणि स्वतंत्र करिअरही आहे. त्याला रिलीफ पिचर म्हणतात. बेसबॉलची मॅच नऊ इनिंगची. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा इनिंग टाकतो, त्याचा हात थकतो, मग कोच त्याला काढतो. एकदा काढला की तो त्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. त्यानंतर जे येतात ते रिलीफ पिचर. मैदानाच्या कडेला ‘बुलपेन’ नावाची एक जागा असते, तिथे ते तास-तास बसून राहतात, फोन वाजला की हात मोकळा करतात, आणि कधी कधी हात मोकळा करून परत खाली बसतात, कारण गरजच पडली नाही. अगदी शेवटची इनिंग टाकणाऱ्याला ‘क्लोजर’ म्हणतात. त्याने आघाडी टिकवून मॅच संपवली की त्याच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. गंमत म्हणजे हा आकडा शोधून काढला एका पत्रकाराने, शिकागोच्या जेरोम होल्ट्झमनने. मेजर लीगने तो अधिकृत केला १९६९ मध्ये. तोपर्यंत या लोकांनी काय केलं ते मोजायची धड सोयच नव्हती.

या जातीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे न्यूयॉर्क यँकीजचा मारियानो रिव्हेरा. पनामातल्या पोर्तो काइमितो या मच्छीमार गावचा. बाप मासेमारी बोटीवर कॅप्टन, आणि हा पोरगाही त्याच बोटीवर काम करायचा. करंजाच्या कोळीवाड्यात वाढलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको की ते काम काय असतं. रिव्हेराने २०१३ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर ६५२ सेव्ह होते आणि २०१९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये एकही मत विरोधात न जाता निवडला जाणारा पहिला खेळाडू ठरला. आयुष्यभर मुख्यतः एकच बॉल टाकला, कटर. समोरच्याला माहीत असायचं काय येतंय, तरी लागायचा नाही.

आपल्याकडचं कुणी त्या बुलपेनमध्ये बसलंय का? बसलंय. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले, पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला आणि जुलै २००९ मध्ये ते तिकडच्या अगदी खालच्या लीगमध्ये उतरले. पटेलला पुढच्याच वर्षी सोडून दिलं. डावखुरा रिंकू सिंगल-ए पातळीपर्यंत चढला, मग दुखापती, मग कुस्तीचा झगमगाट. दोघांवर डिस्नेने २०१४ मध्ये सिनेमा काढला. मराठी नाव मात्र या यादीत मला माहीत नाही. आपला बुलपेन क्रिकेटमध्ये आहे, आणि तिथे बसलेला आपला माणूस आहे मुलुंडचा प्रवीण तांबे.

तांबेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, कारण २०२२ मध्ये श्रेयस तळपदेचा सिनेमा आला होता. तरी आकडे एकदा नीट बघा. जन्म ८ ऑक्टोबर १९७१. आयपीएलमध्ये पहिली मॅच मे २०१३ मध्ये, राजस्थान रॉयल्सकडून, वय ४१. त्याआधी मुंबईच्या सिनियर टीमकडून एकही फर्स्ट क्लास मॅच नाही. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये १२ विकेट, स्पर्धेत सगळ्यात जास्त. त्यानंतर कुठे डिसेंबरमध्ये रणजीची टोपी मिळाली, ४२ व्या वर्षी. जगात माणूस रणजी खेळून आयपीएलला जातो. हा आयपीएल खेळून रणजीला आला.

आणि ५ मे २०१४. अहमदाबाद, समोर कोलकाता. १७१ करायच्या होत्या आणि गंभीर-उथप्पाने एकही विकेट न गमावता १२१ केल्या होत्या. म्हणजे मॅच संपलेली. एका ओव्हरमध्ये वॉटसनने तीन काढले. पुढची ओव्हर तांबेची. पहिलाच बॉल वाइड आणि त्यावर मनीष पांडे स्टंप. मग युसुफ पठाणचा स्वतःच कॅच घेतला. मग टेन डोशाटे एलबीडब्ल्यू. वाइड धरला जात नाही, म्हणजे दोन कायदेशीर बॉलमध्ये हॅटट्रिक! १२१ वर शून्यवरून १२३ वर सहा. राजस्थान दहा रनने जिंकलं. बेसबॉलवाल्यांनी ही मॅच पाहिली असती तर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नसतं. आग लागली, फोन वाजला, माणूस आला, आग विझवली.

आयपीएलचा एकूण हिशोब मात्र ३३ मॅच, २८ विकेट. २०१६ मध्ये गुजरात लायन्स, २०१७ मध्ये हैदराबादने घेतलं पण एकही मॅच खेळवली नाही. २०१८ मध्ये शारजाच्या टी-१० मध्ये हॅटट्रिकसह पाच विकेट काढल्या, त्यांत गेल, मॉर्गन, पोलार्ड. मग डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकात्याने २० लाखांना घेतला, वय ४८. पण सक्रिय भारतीय खेळाडूला परदेशी लीग खेळता येत नाही आणि हा टी-१० खेळून बसलेला, त्यामुळे बोर्डाने बाद केला. २०२० मध्ये वेस्ट इंडिजच्या सीपीएलमध्ये त्रिनबागोकडून उतरला, ती लीग खेळणारा पहिला भारतीय. त्या वर्षी त्रिनबागोने बाराच्या बारा मॅच जिंकल्या. यानंतर कोलकात्याच्या कोचिंग स्टाफमध्ये.

आता मुद्द्यावर येतो. ही गोष्ट तुम्हाला कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये, प्रत्येक मोटिव्हेशनल रीलमध्ये एकाच पद्धतीने सांगितली जाते. जिद्द सोडू नका, वय हा फक्त आकडा आहे, वीस वर्षं थांबला म्हणून मिळालं. मला हे ऐकलं की राग येतो. तांबेवर अजिबात नाही, सांगणाऱ्यावर येतो. कारण त्यांतला सगळ्यात साधा प्रश्न कुणीच विचारत नाही: वीस वर्षं थांबला, तर या वीस वर्षांत घर कसं चाललं?

उत्तर सिनेमात आहे, पण सिनेमात ते पार्श्वभूमीला आहे. तांबे थांबला नव्हताच. तो नोकरी करत होता आणि नोकरीचा भाग म्हणून क्रिकेट खेळत होता. सुरुवातीला तो मध्यमगती बॉलर होता. ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या टीममध्ये असताना कॅप्टन अजय कदम यांनी त्याला सांगितलं, लेगस्पिन टाक. म्हणजे ज्या कलेवर तो ४१ व्या वर्षी आयपीएलला पोचला, ती कला त्याला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिस टीममध्ये सापडली. नाव परत वाचा. शिपिंग कंपनी. आपण द्रोणागिरीत राहतो, म्हणून म्हणतो.

तुमच्यापैकी अनेकांना ऑफिस क्रिकेट म्हणजे एचआरने काढलेली टर्फवरची रविवारची टूर्नामेंट वाटेल. ते वेगळं. मुंबईत टाइम्स शील्ड ही कंपन्यांची स्पर्धा १९३० च्या दशकापासून आहे. वेगवेगळ्या डिव्हिजन, वर जायचं, खाली पडायचं. तिच्या जोडीला पावसाळ्यातली कांगा लीग, १९४८ पासून. निरलॉनकडे गावसकर, मफतलालकडे एकनाथ सोलकर, टाटांकडे वेंगसरकर. ही वरची नावं झाली. त्यांच्या खाली शेकडो लोक होते ज्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत: क्लार्क म्हणून लागलेले, सकाळी हजेरी लावून दुपारी नेटला जाणारे, मॅचच्या दिवशी ऑन ड्युटी. पगार पहिल्या तारखेला. टोपी मिळो न मिळो, प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा. हा होता मुंबईचा बुलपेन. तिथे बसून राहणं परवडत होतं, म्हणून लोक बसून राहिले, म्हणून पस्तिशीतही कुणाचा हात गरम होता.

आणि तिथे फुकट बसणं नव्हतं. दर आठवड्याला मॅच, समोर आज रणजी खेळून आलेला बॅट्समन, उद्या एखादा शाळकरी पोरगा जो पुढे इंडिया खेळणार. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्पर्धेतही तांबे खेळायचा, आपल्यापासून लोकलने अर्ध्या तासावर. द्रविडने त्याला राजस्थानमध्ये घेतलं तेव्हा त्याने ४१ वर्षांचा म्हातारा घेतला नव्हता, वीस वर्षं सलग मॅच खेळलेला बॉलर घेतला होता. वीस वर्षं स्वप्न बघणाऱ्याचा गुगली पडत नाही. वीस वर्षं शनिवारी टाकणाऱ्याचा पडतो.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत तर हे सगळं प्रोफेशनल आहे, तिकडे काय? तिकडेही वरच्या लीगखालच्या मायनर लीगमध्ये पोरं अनेक वर्षं हलाखीत काढायची. पगार फक्त सीझनपुरता, बाकीचे महिने कुठेतरी मजुरी. रिंकू आणि दिनेश गेले तेव्हा हीच व्यवस्था होती. ती कुणा हीरोच्या जिद्दीने बदलली नाही. २०२२ मध्ये मायनर लीगची पोरं खेळाडूंच्या युनियनमध्ये गेली आणि २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला, बहुतेकांचा पगार दुपटीहून वर गेला. यावर डिस्ने सिनेमा काढेल असं वाटत नाही. पण पुढच्या रिव्हेराला बोट विकून यावं लागणार नसेल तर या कराराने लागणार नाही.

आता परत आपल्या प्लॉटवर या. तुम्ही उरण लोकलने कॉलेजला जात असाल तर न्हावा-शेवा स्टेशनच्या आसपास खिडकीतून बाहेर बघा. लाल, निळे, हिरवे कंटेनर, एकावर एक पाच-पाच. प्रत्येकावर जगातल्या कुठल्या ना कुठल्या शिपिंग कंपनीचं नाव. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं तेव्हापासून या तालुक्याच्या जमिनीवरून हा व्यवहार चाललाय. तांबेला लेगस्पिनर बनवलं एका शिपिंग कंपनीने. मग या एवढ्या यार्डांत, वेअरहाउसांत, टर्मिनलांत मिळून कितींनी आपल्या नावाने टीम उतरवली आहे? कितींनी एखाद्या पोराला सांगितलंय की तू आमच्याकडे टॅली कर आणि शनिवारी आमच्यासाठी खेळ, पगार कापणार नाही? मी विचारून पाहिलं. जिथे विचारलं तिथे हसले.

हसण्याचं कारणही आहे. रविवारच्या आपल्या बॉलरला कंपनी ओळखतच नाही. तो कंत्राटदाराचा माणूस. कंत्राटदार दर वर्षी बदलतो, पोरगा तोच राहतो, सर्व्हिस मात्र पुन्हा शून्यापासून. ज्याला कंपनी स्वतःचा कामगार मानत नाही, त्याला स्वतःचा बॉलर कशाला मानेल? मुंबईतही खेळाडू म्हणून कायम नोकरी देणाऱ्या कंपन्या कमी होत गेल्या, ते याच वाटेने. कायम नोकऱ्या गेल्या, त्यांच्याबरोबर ऑफिस क्रिकेट वाळलं. आणि आपण काय करतोय? तांबेचा सिनेमा बघून एकमेकांना जिद्दीचे स्टेटस फॉरवर्ड करतोय.

याला एक उत्तर ठरलेलं आहे: अरे, आता आयपीएल आहे, टेनिसवाल्यांसाठी २०२४ पासून आयएसपीएल पण आली. खरंय. आपल्या रायगड-ठाण्याकडच्या टेनिस पोरांना पहिल्यांदाच लिलावात किंमत लागली, हे मला छोटं वाटत नाही. पण लिलाव हा सीझनचा असतो. दोन-तीन आठवड्यांचे पैसे मिळतात, नाव होतं, पुढच्या वर्षी बोली लागली नाही तर परत यार्ड. तांबेला स्वतःलाच हैदराबादने एक अख्खा सीझन बसवून ठेवला आणि सोडून दिला. त्याला ते झेपलं, कारण त्याची मुळं दुसऱ्या मातीत होती. ज्याला फक्त लिलाव माहीत आहे त्याने बावीसाव्या वर्षी बोली हुकल्यावर काय करायचं?

दुसरं उत्तर कंपन्यांच्या बाजूचं: आम्ही क्रिकेट का पोसायचं? रास्त प्रश्न आहे. मफतलाल-निरलॉनवाले काही दानधर्म करत नव्हते, सोमवारच्या पेपरात कंपनीचं नाव छापून यायचं. आज नाव छापायला इतर जागा आहेत. तरीही एक गोष्ट माहीत असू द्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण आणि मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. मात्र स्वतःच्याच कामगारांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजे या पैशातून नेट होईल, कोच येईल, एक धड टर्फ विकेट होईल, पण नोकरी होणार नाही. नोकरी वेगळी मागावी लागेल. मागायचं कसं हे उरण तालुक्याला कुणी शिकवायला नको. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून गोळ्या खाल्लेली ही गावं आहेत, आणि साडेबारा टक्क्यांचे प्लॉट, ज्यांवर आज आपल्यातल्या कित्येकांच्या सोसायट्या उभ्या आहेत, त्याच लढ्यातून मिळालेत.

तुम्ही कॉलेजात आहात, तुमच्या हातात यार्डाची भरती नाही, ठाऊक आहे. पण प्लेसमेंटला या भागातल्या लॉजिस्टिक कंपन्या येतात. समोरचा विचारतो, एनी क्वेश्चन्स? आपण सगळे मान हलवतो, नो सर. त्या वेळी विचारा की तुमची टीम आहे का. टाइम्स शील्डला एंट्री घालता का. कंत्राटातली पोरं तिच्यात खेळू शकतात का. एका पोराने विचारलं तर विनोद होईल. तीन कॉलेजांतल्या चाळीस पोरापोरींनी विचारलं तर एचआरवाला निदान ऑफिसला जाऊन सांगेल. आणि हो, पोरींनी तर नक्की विचारा, कारण ऑफिस क्रिकेटच्या सुवर्णकाळातसुद्धा तुमच्यासाठी बुलपेन बांधलेला नव्हता. रेल्वेने महिलांना नोकऱ्या दिल्या आणि महिला क्रिकेट वर्षानुवर्षं त्या एका खात्यावर उभं राहिलं, मिताली राजपासून हरमनप्रीतपर्यंत अनेकींची गोष्ट रेल्वेच्या नोकरीतून जाते.

दरम्यान तो प्लॉटही फार दिवसांचा नाही. कडेने पत्रे लागायला सुरुवात झालीय, एका बाजूला बिल्डरचा बोर्ड आलाय. सध्या स्क्वेअर लेगला पत्र्याला लागला की दोन रन, असा नियम केलाय. पुढच्या रविवारी त्यावरच सेमीफायनल आहे. आपला शेवटच्या ओव्हरवाला येणार की नाही, ते शुक्रवारी रात्री यार्डात पाळ्यांचा कागद लागला की कळेल.